जास्तीचे वीस फूट

डिलाईल रोडच्या त्या चाळीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही. कुणी पाठवलं, कुठून आलीस, तेही नाही. दारात उभं करून पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "वजन?"

मी बासष्ट सांगितलं.

"चौसष्ट," ते म्हणाले आणि आत गेले. मागोमाग जायचं की तिथेच थांबायचं, मला कळेना. आतून काकूंचा आवाज आला, "ये गो बाय, बस. त्येंचा तसाच आसता."

मी बसले, काका बसले नाहीत. शिलाईच्या मशीनवर काम असेल तेवढा वेळ सोडला तर मी त्यांना फारसं बसलेलं पाहिलंच नाही. बोलायचं असलं की ते चाळीच्या लांब गॅलरीत चालू लागत आणि समोरच्याने बरोबर चालायचं. गॅलरी संपली की विषय संपला. वळून परत येताना दुसरा विषय. आपल्याला काही विचारायचं असेल तर ते जातानाच विचारून घ्यावं लागतं, हे मला चौथ्या-पाचव्या भेटीत समजलं. तोवर मी निम्मी उत्तरं हरवून बसले होते.

आता ती चाळ नाही. तिच्या जागी टॉवर उभा राहतोय, आणि काका-काकू वेंगुर्ल्याजवळ गावी गेलेत. काकूंचा अधूनमधून फोन येतो. काका फोनवर येत नाहीत, पण मागे त्यांच्या चपलांचा आवाज येत असतो.

काका फौजेत छत्र्या भरायचे. छत्रीधारी सैनिक विमानातून उडी घेतात, त्यांच्या पाठीवरची छत्री कुणीतरी आधी उलगडून, तपासून, दोरी न् दोरी मोजून घडी घातलेली असते. ते कुणीतरी म्हणजे काका. आणि तिथला रिवाज असा होता म्हणे, की घडी घालणाऱ्याला कधीही बोलावून सांगायचे, ही तूच भरलीस ना, मग घाल पाठीला आणि चल. किती वेळा घातली ते काका सांगत नसत. निवृत्त होऊन ते वडिलांच्या गिरणीच्या काळातल्या या खोलीत परतले आणि जाड कापडावर चालणारं एक मशीन घेतलं. मुंबईत हौसेने विमानातून उड्या मारणारी माणसं मोजकीच. त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी काकांकडे यावं लागे. कुणाचं उसवलं म्हणून, कुणाची दोरी झिजली म्हणून. काहीजण माझ्यासारखे, पहिली स्वतःची छत्री घ्यायचीय पण कुठली ते कळत नाही म्हणून.

मी पहिल्या दिवशी पॅराशूटला 'कॅनपी' म्हणाले होते. शिकवणारे तेच म्हणायचे. काकांनी मला गॅलरीच्या अर्ध्यात थांबवलं. "छत्री म्हण. लाज वाटते?"

चाळीत त्यांना छत्रीवाले म्हणत आणि त्याचा व्हायचा तो परिणाम होई. जून जवळ आला की आजूबाजूच्या चाळींतल्या बायका मोडक्या छत्र्या घेऊन जिना चढायच्या. काका भडकायचे. मी काय रस्त्यावर बसतो का, म्हणायचे. आणि त्या गेल्या की छत्री उघडून बघायचे, कारण मोडलेली वस्तू समोर पडून राहिलेली त्यांना सहन होत नसे. मग उरलेल्या पॅराशूटच्या दोरीने तिच्या काड्या अशा बांधून द्यायचे की ती छत्री वरळीच्या वाऱ्यातसुद्धा उलटी होत नसे. दुसऱ्या दिवशी आणखी चार बायका.

त्यांची आणखी एक सवय काकूंना फार नडायची. कापड जुनं झालं का हे बघायला काका ते तोंडाला लावून श्वास ओढत. पॅराशूटच्या नव्या कापडातून हवा येत नाही, छाती भरत नाही. जुन्यातून येते. इथवर ठीक. पण ते दादरला साडीच्या दुकानातही तेच करायचे. समोर गादीवर बसलेला माणूस एकामागून एक साड्या उलगडतोय, काकू पदर बघतायत, आणि काका एका साडीचा काठ तोंडाशी धरून डोळे मिटून उभे. एकदा दुकानदाराने साडी हातातून ओढून घेतली. काका शांतपणे म्हणाले, "विरळ आहे." काकू तेव्हापासून खरेदीला बहिणीबरोबर जायच्या.

मी राहते फणसवाडीत. घरात आजोबांपासून सगळे कचेरीत कारकून, मीही एका विमा कंपनीत दावे तपासते, लोअर परळला चौदाव्या मजल्यावर. दिवसभर लोकांचे अपघात वाचायचे आणि खूण करायची. टेबलाखाली माझा पाय सतत हलत असतो. शेजारच्या मुलीने कंटाळून टेबल सरकवून घेतलं. सुट्टी घेऊन मी परदेशात जाऊन उड्या शिकून आले, आल्यावर उत्तरेतल्या एका धावपट्टीवर जायला लागले. आईला मी गिर्यारोहणाला जाते असं सांगितलं होतं. तेव्हा माझ्या अठ्ठावीस उड्या झाल्या होत्या. शिकाऊ माणसाला जी मोठी छत्री देतात ती दोनशे तीस चौरस फुटांची. ती उघडली की माणूस लग्नाच्या मांडवाखाली बसल्यासारखा खाली येतो. डावी दोरी ओढा, विचार करते, मग वळते. मला त्या मांडवाचा वैताग आला होता. छत्री जितकी लहान तितकी ती जोरात जाते, झटकन वळते, हे मी दुसऱ्यांचं बघत होते. पुण्याचा एकजण आपली एकशे पस्तीस फुटांची विकायला काढत होता, काळी आणि लाल. मी त्याला घेते म्हणून सांगूनही टाकलं होतं. काकांनी फक्त बघून ठीक आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत काका मला खाली घेऊन गेले. अंगावर त्यांच्याकडचा उडीचा सगळा सरंजाम चढवायला लावला: बूट, हेल्मेट, पाठीवर दोन्ही छत्र्यांची पिशवी, एक मुख्य आणि एक राखीव. अशा वेशात मी डिलाईल रोडवरून त्यांच्यामागे चालले. कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात गोणी तोलायचा काटा होता. दुकानदाराने तांदळाची गोण उतरवली आणि मी चढले. रविवारची सकाळ होती, बघायला सगळा रस्ता होता. एका आजीने मला विचारलं, कुठे जातेस गं बाई. काकांनी काट्यावरचा आकडा दोनदा वाचला.

"सत्त्याहत्तर," ते म्हणाले. "म्हणजे झाले एकशे सत्तर पौंड. नव्या माणसाचा हिसाब एका पौंडाला एक फूट. तुझी छत्री एकशे सत्तर फुटांची."

मी म्हटलं, मी एकशे पस्तीस बघितलीय.

ऐकलंच नाही असं दाखवत ते चालू लागले. मी त्या सरंजामात धापा टाकत मागे. जिन्याखाली पोहोचल्यावर म्हणाले, "एकशे सत्तरपण नाही. एकशे नव्वद. माझ्या ट्रंकेत आहे, एकजण परदेशात गेला, त्याची. ती ने."

"आत्ताच तर एकशे सत्तर म्हणालात."

"तू दोन किलो खोटं बोललीस पहिल्या दिवशी. त्याचे वीस फूट."

मला हसू आलं. मला वाटलं, ते विनोद करतायत.

पुढच्या रविवारी मी हट्टाने ती काळी-लाल छत्री पुण्याहून मागवून त्यांच्यासमोर ठेवली. नाही म्हणायचं असेल तर नीट बघून म्हणा, असं मनात होतं. त्यांनी बघितली. सबंध सकाळ बघितली. गॅलरीच्या भिंतीवर एका फळीला खिळे मारलेले होते, त्यांना एकेक दोरी लावून लांबी मोजली. कापडाचा कप्पा न् कप्पा हातावर घेतला, तोंडाला लावून श्वास ओढला. शिवणीवरून नख फिरवलं. चाळीतल्या लोकांनी धुणं मागच्या बाजूला वाळत घातलं. बारा वाजता ते उठले.

"छत्री उत्तम आहे," म्हणाले. "तुझी नाही."

मग मी बोलले. काय काय बोलले ते आता आठवलं की कान गरम होतात. तुमच्या वेळच्या छत्र्या वेगळ्या होत्या, म्हणाले. माझ्याबरोबर शिकलेली दोघं याहून लहान छत्रीवर उडतात, म्हणाले. तुम्ही सगळ्यांनाच नाही म्हणता असं मी ऐकलंय, मग तुमच्या नाहीला अर्थ काय? ते शेवटचं वाक्य लागलं असावं. ते चालायचे थांबले. मग आत जाऊन त्यांनी मशीन चालू केलं. मी छत्री पिशवीत कोंबली आणि जिना उतरले. काकू वरून हाक मारत होत्या, मी वळून बघितलं नाही.

तीन आठवडे मी गेले नाही. पुण्याच्या माणसाचा एक दिवसाआड निरोप येत होता, घेणार आहेस की नाही, दुसरं गिऱ्हाईक आहे. मी उद्या सांगते म्हणत होते. आज घेते म्हटलं की काकांचं 'तुझी नाही' आठवायचं, नाही घेत म्हटलं की त्यांचा राग यायचा. ऑफिसात फाईल वाचताना तीच ओळ तीनदा वाचायचे. आई म्हणाली, तुला काही होतंय का, घरात एका जागी टिकत नाहीस.

चौथ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मी तो बाहेर जिन्यात जाऊन घेतला. त्यांनी कसं आहेस वगैरे विचारलं आणि मग आवाज खाली आणून सांगितलं, की तू त्यांना बोललीस ते खरं आहे. ते सगळ्यांना नाही म्हणतात. पण आधी म्हणत नव्हते. खोताच्या वाडीतला एक विल्फ्रेड म्हणून आहे, त्याला त्यांनी हो म्हटलं होतं.

"दरवर्षी नाताळाक येता तो," काकू म्हणाल्या. "हातात कलकलांचो डबो, त्यांचो नाताळचो फराळ. खालून त्याची काठी वाजली की हे दुसऱ्या जिन्यानं उतरून जातत. आठ वर्सां झाली. मी डबो घेतंय, तो बसता जरा वेळ, नि जाता. मिया कोणाकोणाक सांगू?"

फणसवाडीतून खोताची वाडी चालत दहा मिनिटं. त्याच संध्याकाळी ऑफिसातून येताना मी गेले. लाकडी घराच्या व्हरांड्यात विल्फ्रेड नकाशाच्या कागदावर वाकून काम करत होता. बिल्डरांसाठी घरांचे आराखडे काढतो. चाळिशीच्या अलीकडचा, दाट केस, खुर्चीला टेकवलेली काठी. मी कोण ते सांगितल्यावर त्याने माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली आणि पहिलंच विचारलं, "किती फुटांची बघितलीस?"

एकशे पस्तीस म्हटल्यावर तो हसला. त्याचीही तेवढीच होती.

त्याने सगळं सांगितलं, अगदी सरळ, दुसऱ्याबद्दल बोलावं तसं. काकांनी त्याला मोठी सांगितली होती. चार रविवार नाही म्हणाले. पाचव्या रविवारी तो त्यांना नाही नाही ते बोलला, तुम्ही जुन्या जमान्याचे, तुम्हाला नव्या छत्र्या कळत नाहीत. मी मान खाली घातली. त्या दिवशी काका हो म्हणाले. सहा उड्या मस्त झाल्या. सातवीला उतरताना समोर दुसरा एकजण आला आणि विल्फ्रेडने घाबरून एक दोरी पूर्ण खेचली.

"मोठी छत्री असती तर सावकाश वळलो असतो, फार तर धडकलो असतो, दोघं पडलो असतो," तो म्हणाला. "लहान छत्री वळताना खाली झेप घेते. मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं. पण हात पुस्तक वाचत नाही ना."

खुबा आणि मांडी. एक वर्ष अंथरुणात.

मी विचारलं, मग चूक कुणाची?

"माझी. दुसऱ्या कुणाची असणार? तेच मला अंकलना सांगायचंय. तोंडावर, एकदा. फोन घेत नाहीत, घरी गेलो की पळतात. साठीतला माणूस माझ्यापेक्षा फास्ट पळतो." तो काठीकडे बघून हसला, मग हसणं थांबवून म्हणाला, "तू अंकल सांगतात ती घे. माझ्यासाठी नको. अशीच घे."

मी घरी पोहोचायच्या आधीच पुण्याला नाही कळवून टाकलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. ती काळी-लाल छत्री दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर उघडणार याचं मला दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

रविवारी काकांनी मला दारात बघितलं. ट्रंक उघडून निळी-नारिंगी छत्री काढली. रंग उडालेला, एका कप्प्याला ठिगळ. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मला परळच्या मैदानावर बोलावलं. तिथे वाऱ्याकडे पाठ करून छत्री जमिनीवरूनच उभी करायची आणि ओढ सांभाळायची. क्रिकेटवाले वैतागायचे. छत्रीने मला कितीदा आडवं केलं आणि फरफटत नेलं. काका बाजूने चालत सांगत असत, उठायची घाई करू नकोस, एकच दोरी धर, हातावर हात ओढत रहा, ती आपोआप झोपेल. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला स्वप्नात ऐकू यायचं. मला वाटायचं, आपण हवेत उडायला निघालोय, हे मातीत लोळणं कशाला.

डिसेंबरात मी धावपट्टीवर गेले. पहिल्या पाच उड्या त्या छत्रीवर चांगल्या झाल्या. मांडव नव्हता, तरी घाईही नव्हती. सहावी दुपारची. विमानात चढलो तेव्हा वारा सकाळइतकाच होता. वर जाऊन उडी घेऊन छत्री उघडेपर्यंत तो वाढला. मी धावपट्टीकडे तोंड केलं आणि खाली बघितलं, तर धावपट्टी जवळ येत नव्हती. लांब जात होती. मला कळायला वेळ लागला. छत्री पुढे जात होती आणि वारा तिला त्याहून जोरात मागे नेत होता. माझ्याबरोबर उडी घेतलेले दोघे, लहान छत्र्यांवरचे, माझ्यासमोरून व्यवस्थित मैदानात उतरले.

मान वळवून मागे बघितलं तर शेतं, एक विहिरीवरची मोटर आणि तिच्याकडे जाणाऱ्या विजेच्या तारा.

मी वळायला एक दोरी खाली ओढायला घेतली. पुरं वळून तोंड त्या बाजूला केलं असतं तर काय होतंय ते नीट दिसलं असतं. पण खाली जमीन फार उरली नव्हती. विल्फ्रेडचा खुबा डोळ्यासमोर आला. मी हात पुन्हा वर नेला आणि उजवी दोरी चार बोटं फक्त खेचली, मग आणखी चार बोटं. छत्री तिरकी सरकू लागली. तारा माझ्या डाव्या पायाखालून गेल्या, किती खालून ते मला आजही सांगता येत नाही. मग पाठीवर पडले, कोवळ्या मोहरीत. छत्री कोसळली नाही, मला ओढतच निघाली. मोहरीची रोपं, चिखल, पाटाचं पाणी. उठायची घाई केली नाही. एक दोरी धरली, हातावर हात. छत्री फडफडत आडवी झाली.

शेताचा मालक धावत आला, मला बघून परत गेला आणि पाणी घेऊन आला. पाणी प्यायले आणि तिथेच बांधावर बसून मी काकांना फोन लावला. मी भयंकर चिडले होते. काकूंनी फोन दिला. मी सांगितलं, तुमच्या छत्रीने मला उलटं नेलं. लहानवाले दोघं नीट उतरले आणि मी तारांवर जाणार होते.

काका ऐकत होते. चपलांचा आवाज येत होता.

"उभी राहिलीस की पडलीस?"

"पडले. पाठीवर."

"लागलं?"

"नाही."

"वळलीस?"

"पूर्ण नाही. चार-चार बोटं."

चपला थांबल्या.

"बाय," ते म्हणाले, "ते वीस फूट तुझ्या खोट्याचे नव्हते. माझे होते. काट्यावर उभी होतीस तेव्हाच मला एकशे सत्तर कळली होती. मला धीर झाला नाही."

चिडायला कुणी उरलंच नव्हतं.

"तेवढ्या वाऱ्यात एकशे सत्तर जागेवर थांबली असती," ते म्हणाले. "मागे गेली नसती. चूक झाली. परत ये, बघू."

आणि फोन काकूंकडे दिला. काकू म्हणाल्या, काय बोललंस गो तू त्येंका, ते पाणी पितत उभ्यान.

परत येताना प्रवासभर मला झोप लागली नाही. लहान देऊन त्यांचं एकदा चुकलं, आणि त्या चुकीला भिऊन मोठी देऊन पुन्हा चुकलं. मधलं माप त्यांना माहीत होतं. काट्यावरचा आकडा वाचला तेव्हापासून माहीत होतं. त्यावर टिकायचं तेवढं जमलं नव्हतं. मी विल्फ्रेडला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझी पुढची छत्री कधी बघणार ते?"

एकशे सत्तर फुटांची एक मला धावपट्टीवरच्याच एकाकडून मिळाली, पांढरी, कडेला हिरवी पट्टी. नाताळ त्या वर्षी आठवड्यात मध्येच आला होता. त्यानंतरच्या रविवारी मी ती घेऊन गेले. विल्फ्रेडला अकराची वेळ दिली होती आणि हे फक्त काकूंना सांगितलं होतं. काका उघडी छत्री सोडून कुठेही जात नसत. खाली कुणाला चक्कर आली तरी ते आधी छत्री गुंडाळत. त्या भरवशावर मी होते.

अकराला काठी वाजली. काका गॅलरीच्या मध्यावर गुडघ्यावर होते, हातात कापडाचा कप्पा. काठी पहिल्या मजल्यावर आली, दुसऱ्यावर आली. काकांनी मान वर केली, दुसऱ्या जिन्याकडे बघितलं, मग छत्रीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. माझा डाव कळला असणार त्यांना.

विल्फ्रेड जिन्याच्या तोंडाशी आला आणि थांबला. छत्रीने सगळी गॅलरी भरली होती. तिच्याजवळ कुणी पायताण घालून येत नसे, हे त्याला जुनं माहीत होतं. त्याने डबा कठड्यावर ठेवला, भिंतीला टेकला आणि वाकायचा प्रयत्न केला. त्याचा खुबा तेवढा वाकत नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मी पुढे होणार होते, काकूंनी माझा दंड धरला.

काका उठले. छत्रीच्या कडेकडेने, कापडावर पाय न देता, त्याच्यापर्यंत गेले. खाली बसले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. डाव्या बुटाची गाठ घट्ट बसली होती, तिला वेळ लागला. विल्फ्रेड एक हात भिंतीला आणि एक हात काकांच्या खांद्यावर टेकून उभा होता. तो म्हणाला, "अंकल, मला एक सांगायचं होतं."

"माहीत आहे," काका म्हणाले. त्यांनी बूट काढून भिंतीशी जोडीने ठेवले. "ते टोक धर."

काकूंनी स्टूल आणून ठेवलं. विल्फ्रेड कापडाचं टोक मांडीवर घेऊन बसला. काका खिळ्यांवर दोऱ्या मोजत गेले आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेले, जसा कुणी लिहून घेणारा असावा तसा. विल्फ्रेडने कापड तोंडाला लावून श्वास ओढला. दीड तास हे चाललं. मी कठड्याशी उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

शेवटी काका कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभे राहिले.

"सत्त्याहत्तर किलो, सगळ्यासकट," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "चौतीस उड्या. चालेल हिला?"

विल्फ्रेडने मला विचारलं, उतरताना कुणी समोर आलं तर काय करशील. मी सांगितलं. वारा वाढला तर? सांगितलं. त्याने कापडावरून हात फिरवला, सुरकुती काढावी तसा.

"चालेल, अंकल," तो म्हणाला. "पण वारा असला तर हिला बसवून ठेवा."

"ते हिला कोण सांगणार?" काका म्हणाले, आणि घडी घालायला वाकले.